कोपर वाकलेलं की उघडलेलं?

वीतभर लांबीची एक जाड तार घ्या. मध्यावर ती थोडी वाकवा, कोपर किंचित मुडपावं तशी. खोलीत अंधार करून एकच दिवा लावा, तारेचा खालचा भाग चिमटीत उभा धरा आणि सावली भिंतीवर पडू द्या. आता तार चिमटीतल्या चिमटीत हळूहळू फिरवा. सावलीतली तार आधी वाकलेली दिसते, मग उलगडत जाते, एका क्षणी छडीसारखी ताठ होते आणि पुन्हा वाकायला लागते. हातातली तार मात्र जशीच्या तशी आहे. तिचा कोन एका अंशानेही बदललेला नाही.

चेंडू फेकतो या संशयापायी श्रीलंकेचा फिरकीपटू मुथय्या मुरलीधरनच्या वाट्याला जे आलं, ते समजून घ्यायचं तर ही सावली डोळ्यांसमोर ठेवायला हवी.

मराठीत गोलंदाज चेंडू ‘टाकतो’ आणि क्षेत्ररक्षक तो ‘फेकतो’. भाषेने केलेला हा भेद नियमातही आहे. क्रिकेटच्या नियमावलीतला २१वा नियम नोबॉलचा. हाताबद्दल तो सांगतो ते असं: चेंडू टाकताना हात खांद्याच्या उंचीला आला की तिथपासून चेंडू सुटेपर्यंत कोपर सरळ होता कामा नये, थोडंही नाही आणि पूर्णही नाही. मनगट हवं तसं वळवा, त्याला मुभा आहे.

हे वाक्य सावकाश वाचावं, कारण त्यात काय नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. हात सरळच असला पाहिजे, असं ते म्हणत नाही. कोपर वाकलेलं असू शकतं. चेंडू टाकता टाकता ते आणखी वाकलं तरी चालतं. मनाई आहे ती फक्त वाकलेलं कोपर उघडण्याला. म्हणजे नियमाचा प्रश्न कोन किती हा नाही, कोन किती बदलला हा आहे. मैदानावर मात्र शंका येते ती हात वाकडा दिसला की. प्रश्न एक आणि आपण उत्तर देतो दुसऱ्याच प्रश्नाचं, असा हा गोंधळ आहे आणि तो गेली कित्येक वर्षं चालू आहे.

कोपर उघडण्याला एवढी मनाई का? बेसबॉलचा पिचर पाहिला तर कारण कळतं. तो धावत येत नाही, जागच्या जागी एक लांब पाऊल टाकतो आणि तरीही ताशी १५० किलोमीटरने चेंडू सोडू शकतो. पायापासून निघालेला जोर कंबर, धड, खांदा असा चढत येतो आणि शेवटी काटकोनात दुमडलेलं कोपर सपकन उघडतं, चाबकाच्या टोकासारखं. क्रिकेटच्या गोलंदाजाकडून हा शेवटचा सांधा काढून घेतलेला आहे. तो वेग त्याला धाव, उडी, ताठ पडलेला पुढचा पाय आणि खांद्याभोवती चाकासारखा फिरणारा हात यांतून उभा करावा लागतो. ओव्हरआर्म गोलंदाजीला १८६४ साली परवानगी मिळाली, त्यानंतर या कलेला जो घाट आला तो याच एका बंधनातून. मला हे बंधन फार मोलाचं वाटतं. ते काढलं तर वेगवान गोलंदाजाची धावच निरर्थक होईल.

पण ते पाळलं जातंय की नाही, हे बघणार कोण आणि कसं?

हात खांद्याच्या उंचीपासून चेंडू सुटेपर्यंतचा प्रवास सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात करतो. नेहमीचं टीव्ही चित्रण सेकंदाला २५ चित्रांचं धरलं, तर दोन चित्रांमध्ये ४० मिलिसेकंदांचं अंतर पडतं. म्हणजे सगळी भानगड दोन चित्रांत आटोपते. मैदानावरच्या पंचांची अवस्था त्याहून अवघड. गोलंदाजाच्या बाजूचा पंच वर्षानुवर्षं क्रीझकडे डोळे लावून उभा राहिला, कारण १९६९ पासून नोबॉल पुढच्या पायावर ठरू लागला. त्या पायाचा काही भाग, टेकलेला असो वा अधांतरी, पॉपिंग क्रीझच्या, म्हणजे यष्ट्यांपुढच्या रेषेच्या, मागे हवा. पाय पडतो आणि लगेच चेंडू सुटतो. पाय बघणाऱ्याने कोपर कधी बघायचं? पुढच्या पायाचं काम आता मोठ्या सामन्यांत तिसऱ्या पंचाकडे गेलं आहे. २०२०च्या महिला टी-२० विश्वचषकात ही पद्धत वापरली गेली. पाय रेषेच्या कुठल्या बाजूला आहे, हे एका चित्रावरून सांगता येतं. कोपराचं तसं नाही, कारण चित्र ही सावलीच असते. तीन मितींतली गोष्ट दोन मितींत चपटी केलेली.

२६ डिसेंबर १९९५, मेलबर्न. मुरलीधरन ऑस्ट्रेलियाविरुद्ध गोलंदाजी करत होता आणि पंच डॅरेल हेअर यांनी त्याचे सात चेंडू फेकी म्हणून नोबॉल ठरवले. बाजू बदलून तो दुसऱ्या पंचाच्या टोकाकडून टाकू लागला, तेव्हा तिथे कुणी हरकत घेतली नाही. हात तोच, दिवस तोच, पंच बदलला आणि निकालही.

मुरलीधरनचं कोपर जन्मापासून पूर्ण सरळ होत नाही. म्हणजे आपली वाकवलेली तार. त्यात त्याचा खांदा विलक्षण फिरतो आणि मनगटही. वाकलेला हात दंडाच्या आसाभोवती वेगाने फिरला की बघणाऱ्याला तो आधी वाकलेला आणि मग सरळ झालेला दिसणार, म्हणजे हुबेहूब फेक. १९९६ मध्ये पर्थ आणि हाँगकाँगच्या विद्यापीठांत त्याच्या हाताची तपासणी झाली आणि हा आभास असल्याचं सांगितलं गेलं. तरी शंका मिटली नाही. मग २००४ मध्ये त्याने टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर हाताला पोलादी सळ्या बसवलेला पट्टा बांधून गोलंदाजी केली. त्या पट्ट्यात कोपर उघडणं शक्यच नव्हतं. त्याने ऑफस्पिन टाकला, दूसरा म्हणजे ऑफस्पिनच्या उलट दिशेला वळणारा चेंडूही टाकला आणि पडद्यावर हात तरीही झटका दिल्यासारखाच दिसत होता.

हा आभास एकट्या मुरलीधरनपुरता नाही. हात खाली सोडून तळवे पुढे करून उभे राहा आणि आरशात बघा. दंड आणि पुढचा हात एका रेषेत नसतात. कोपरापाशी पुढचा हात बाहेरच्या बाजूला झुकतो, बहुतेकांमध्ये साधारण १० ते १५ अंश. म्हणजे प्रत्येकाचा ‘सरळ’ हात थोडा वाकडाच. काहींचं कोपर तर सरळ रेषेच्या पलीकडे उलटं वळतं. शोएब अख्तर आणि जसप्रीत बुमरा यांच्या हातांकडे बघून लोक बुचकळ्यात पडले ते यामुळेच. असं उलट्या दिशेने जाणं सांध्याच्या सैलपणामुळे होतं, म्हणून मोजणीत ते धरत नाहीत.

आता दुसरी बाजू. कोपर अजिबात उघडू नये, हे शरीराला जमतं का? ढोबळ हिशोब करून पाहू. खांद्यापासून चेंडूपर्यंतचं अंतर ८० सेंटिमीटर, चेंडू १६० ग्रॅमचा आणि खांद्याच्या तुलनेत हाताचा वेग सेकंदाला २५ मीटर धरला, तर एवढासा चेंडू हाताला बाहेरच्या दिशेने १२-१३ किलोचं वजन लटकवल्यासारखा ओढतो. पंजा आणि पुढच्या हाताचं स्वतःचं वजन वेगळंच. एवढ्या ओढीत थोडं वाकलेलं कोपर थोडं तरी उघडणार. गोलंदाजाने तसं ठरवलेलं असो वा नसो.

मोजमापांतून हेच बाहेर आलं. २००४च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत गोलंदाजांचं चित्रण करून अभ्यास झाला, तेव्हा जवळपास सगळ्यांचं कोपर काही ना काही प्रमाणात उघडत असल्याचं दिसलं. ज्यांच्या शैलीची निर्मळ म्हणून उदाहरणं दिली जात, तेही त्यात आले. त्याआधी आयसीसीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेची, मर्यादा फिरकीपटूंना ५ अंश, मध्यमगतीला साडेसात आणि वेगवान गोलंदाजांना १० अशी होती. मायकल होल्डिंग आणि अँगस फ्रेझर यांच्यासारखे माजी गोलंदाज असलेल्या समितीपुढे ही माहिती आली आणि १ मार्च २००५ पासून सर्वांना एकच मर्यादा लागू झाली, १५ अंश. घड्याळातले दोन आकडे एकमेकांपासून ३० अंशांवर असतात, त्याच्या निम्मं. साधारण इथून पुढे गेलं की कोपराचं उघडणं नुसत्या डोळ्यांना दिसू लागतं, हा त्यामागचा विचार.

ही सवलत मुरलीधरनसाठी दिली, असं अजूनही म्हटलं जातं. त्याच्या दूसऱ्याची मोजणी २००४ मध्ये ५ अंशांच्या वर गेली होती आणि नवा नियम नसता तर तो चेंडू त्याला सोडावा लागला असता, हे खरं आहे. पण जुना नियम काटेकोरपणे लावला असता तर इतरही कितीतरी जण घरी बसले असते. डोळ्याला जो खटकला तोच तेवढा तपासला जायचा. मला अन्याय दिसतो तो तिथे.

आता पंचांना शंका आली की ते सामन्यात नोबॉल पुकारत बसत नाहीत, तर तक्रार नोंदवतात आणि गोलंदाजाला ठरावीक मुदतीत तपासणीला जावं लागतं. चेन्नई, ब्रिस्बेन, लफबरो, प्रिटोरिया अशा ठिकाणी त्यासाठी प्रयोगशाळा आहेत. उघड्या अंगावर खांदा, कोपर, मनगट इथे प्रकाश परतवणाऱ्या छोट्या गोळ्या चिकटवतात. भोवती मांडलेले कॅमेरे सेकंदाला २५० च्या आसपास चित्रं घेतात. एकच गोळी अनेक कॅमेऱ्यांना दिसते, त्यामुळे तिची जागा तिन्ही मितींत कळते. भिंतीवरची सावली नव्हे, आता खुद्द तारच मोजली जाते. दंड आडवा झाल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर किती उघडलं, ते प्रत्येक प्रकारच्या चेंडूसाठी वेगळं काढतात. सामन्यातला आपला नेहमीचा वेग आणि फिरकी इथे लपवली तर तेही पकडता यावं, म्हणून सामन्याच्या चित्रणाशी ताळा करतात. मोजणीतही त्रुटी राहतेच. गोळी कातडीवर असते, हाडावर नाही, आणि कातडी सरकते.

या व्यवस्थेतला मला सगळ्यात चांगला वाटणारा भाग म्हणजे दोष ठरला तरी परतीची वाट राहते. १९६३ मध्ये ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज इयन मेकिफला पंच कॉल इगार यांनी एकाच षटकात चार वेळा नोबॉल दिला. कर्णधार रिची बेनॉ यांनी त्याला पुन्हा चेंडू दिला नाही आणि त्या सामन्यानंतर तो निवृत्त झाला. ना तपासणी, ना सुधारणा, वर ‘फेकी’ हा शिक्का. त्या शब्दात लबाडीचा आरोप आहे आणि तो माणसाला आयुष्यभर चिकटतो.

परतीची वाट सोपी मात्र नसते. पाकिस्तानचा सईद अजमल एकदिवसीय क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर असताना सप्टेंबर २०१४ मध्ये त्याची शैली सदोष ठरली. त्याने वर्षानुवर्षांची सवय मोडून हात नव्याने बसवला आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये मोजणीत तो निर्दोष उतरला. एप्रिलमध्ये बांगलादेशात तो पुन्हा पाकिस्तानकडून खेळला. कोपर आता मर्यादेत होतं, पण चेंडूतली जुनी धार गेली होती. त्या दौऱ्यानंतर तो आंतरराष्ट्रीय सामन्यात दिसला नाही.