हरितलवकातील असांकेतिक आरएनए

हरितलवकात, म्हणजे वनस्पतिपेशीतील प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या व स्वतःचा डीएनए असलेल्या घटकात तयार होणारे, पण ज्यांच्यावरून प्रथिन बनत नाही असे आरएनए रेणू. रायबोसोमी आणि वाहक आरएनए खरे तर यातच येतात. पण अभ्यासक हा शब्द बहुधा लघु आरएनए आणि डीएनएच्या जनुकासमोरच्या धाग्यावरून उतरलेले ‘प्रतिअर्थी’ आरएनए यांसाठी वापरतात.

तंबाखू आणि मार्केन्शिया (एक शेवाळवर्गीय वनस्पती) यांच्या हरितलवकांचे जीनोम (संपूर्ण डीएनए) १९८६ मध्ये प्रथमच पूर्ण वाचले गेले. तंबाखूचा जीनोम सुमारे १,५६,००० क्षारक-जोड्यांचा आहे. इथले प्रतिलेखन, म्हणजे डीएनएवरून आरएनए उतरवणे, बरेच ढिले असते. दोन्ही धाग्यांवरून गरजेपेक्षा कितीतरी जास्त आरएनए उतरतो. खरी चाळणी पुढे लागते : रेणू कापणे, टोके छाटणे, सायटोसिन या क्षारकाचे काही ठिकाणी युरॅसिल करणे, हवे ते टिकवणे. छाटणाऱ्यांपैकी ‘आरएनएझ-जे’ (RNase J) हे विकर कमी पडले की प्रतिअर्थी आरएनए साचतात, संदेशवाहक आरएनएला चिकटून बसतात, प्रथिननिर्मिती मंदावते आणि पाने पिवळी पडतात.

प्रतिअर्थी जोडी दर वेळी अपायकारकच असते असे नाही. प्रकाशसंश्लेषणाशी संबंधित पीएसबीटी जनुकाच्या लगतच, पण उलट दिशेने, पीएसबीएन हे जनुक बसलेले असते. दोघांचे आरएनए एकमेकांना जुळतात. प्रकाशसंश्लेषण थंडावते तेव्हा जुळलेला पीएसबीटीचा संदेश वाचला जात नाही, पण नष्टही होत नाही. झाकून ठेवलेला राहतो.

निःसंशय काम करणाऱ्या रेणूंमध्ये क्लॅमिडोमोनास या हरित शैवालातील टीएससीए हा आरएनए ठळक आहे. प्रकाशप्रणाली-१ साठी (प्रकाशसंश्लेषणात प्रकाश वापरणाऱ्या प्रथिनसंचासाठी) लागणारे पीएसएए जनुक तिथे तीन तुकड्यांत विखुरलेले असते आणि प्रत्येक तुकड्याचा आरएनए वेगळा उतरतो. पहिला व दुसरा सांधायला टीएससीए लागतो. तो नसेल तर ही प्रणालीच उभी राहत नाही. ग्लुटामेट या अमिनो आम्लाचा वाहक आरएनए तर दुहेरी नोकरी करतो : हरितद्रव्याच्या निर्मितीची सुरुवात त्याच्यापासून होते, शिवाय केंद्रकाकडून आलेल्या आरएनए पॉलिमरेझला (आरएनए उतरवणाऱ्या विकराला) तो रोखतो.

लघु आरएनएंच्या लांबलचक याद्यांकडे मात्र जपून पाहावे. मक्यातील पीपीआर१० हे प्रथिन आरएनएवर ठरावीक जागी बसते. विकरे दोन्ही बाजूंनी कुरतडत त्याच्यापर्यंत येतात आणि थांबतात. खाली झाकलेला तुकडा उरतो. असे अनेक ‘लघु आरएनए’ म्हणजे निव्वळ पाऊलखुणा आहेत, नियंत्रक नव्हेत.

दुहेरी आरएनएचे बारीक तुकडे करून केंद्रकीय जनुकांना गप्प करणारी डायसर-आर्गोनॉट ही प्रथिनांची यंत्रणा हरितलवकात नसते. त्यामुळे तिथे तयार केलेला लांब दुहेरी आरएनए अखंड राहतो. २०१५ मध्ये बटाट्याच्या हरितलवकांत कोलोरॅडो भुंगेरा या बटाट्यावरच्या किडीच्या ॲक्टिन (पेशीला आवश्यक प्रथिन) जनुकाविरुद्धचा असा आरएनए साठवण्यात आला. ती पाने खाणाऱ्या अळ्या पाच दिवसांत मेल्या.