फिट थांबल्यानंतरची तीन मिनिटं

फिट आलेल्या माणसाचे हातपाय झटके देत असतात, तोवर घरातले सगळे त्याच्याभोवती असतात. कुणी डोकं धरतं, कुणी पाणी आणायला धावतं, कुणी कांदा फोडून नाकाशी नेतं. मग झटके थांबतात, अंग सैल पडतं, घोरल्यासारखा आवाज येऊ लागतो आणि सगळ्यांच्या जिवात जीव येतो. "झोपू द्या आता त्याला," म्हणून दिवा मालवला जातो. अपस्माराच्या रुग्णांना क्वचित येणाऱ्या अचानक मृत्यूबद्दल आज जे माहीत आहे, त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट याच क्षणाशी निगडित आहे. हा मृत्यू सहसा झटके चालू असताना येत नाही. झटके थांबल्यावर, दिवा मालवल्यावर येतो.

डॉक्टर त्याला ‘सुडेप’ (SUDEP) म्हणतात, म्हणजे अपस्मारातला अचानक, अनपेक्षित मृत्यू. अपस्मार असलेला, एरवी धडधाकट माणूस अचानक जातो. अपघात नाही, पाण्यात बुडणं नाही, अर्धा तास किंवा जास्त वेळ न थांबलेली फिट नाही, आणि शवविच्छेदनात व विषतपासणीत मृत्यूचं दुसरं कारण सापडत नाही, तेव्हा त्या मृत्यूला हे नाव देतात. बहुतेक वेळा तो माणूस सकाळी अंथरुणात सापडतो, पुष्कळदा पालथा. जीभ चावलेली असते, अंथरूण ओलं असतं. रात्री फिट येऊन गेल्याच्या या खुणा. फुप्फुसांत थोडं पाणी आढळतं, पण जीव जाण्याइतकं नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या असतात. आपल्याकडे घरी झालेल्या अशा मृत्यूनंतर शवविच्छेदन करायला घरचे सहसा तयार नसतात. मग ‘झोपेत हार्ट अटॅक’ एवढीच नोंद राहते आणि घरच्यांना खरं कारण कधीच कळत नाही.

धोका किती, हे आधी सांगायला हवं, कारण आकडा माहीत नसला की भीती वाढते. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांच्या हिशेबाने अपस्मार असलेल्या १००० प्रौढांपैकी वर्षाला साधारण एकाला सुडेप होतो, म्हणजे ९९९ जणांना होत नाही. मुलांसाठी त्यांनी ४५०० मध्ये एक असा अंदाज दिला होता. त्यानंतर स्वीडनमध्ये झालेल्या अभ्यासात मात्र मुलांमधलं प्रमाणही प्रौढांच्या जवळपास निघालं. त्यामुळे ‘लहान आहे, त्याला काही होत नाही’ असं गृहीत धरू नये.

पण ही सरासरी फसवी आहे, कारण धोका सगळ्यांना सारखा नसतो. ज्यांच्या फिट औषधांनी पूर्ण थांबल्या आहेत किंवा ज्यांना फक्त क्षणभर नजर हरवण्याचे झटके येतात, त्यांचा धोका फार कमी असतो. ज्यांना सर्वांगाची फिट येते, म्हणजे आधी अंग ताठ होऊन मग सगळं शरीर झटके देतं, त्यांचा वाढतो. डॉक्टर या फिटला टॉनिक-क्लॉनिक म्हणतात. वर्षातून तीन किंवा जास्त वेळा अशी फिट येणाऱ्यांत धोका सुमारे १५ पट आढळला आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या देशव्यापी अभ्यासात, आदल्या वर्षी अशी फिट आलेल्यांचा धोका ती न आलेल्यांच्या २७ पट निघाला. अशी फिट येणारा माणूस खोलीत एकटाच झोपत असेल, तर हा आकडा ६७ पटींवर गेला. मला या सगळ्या संशोधनातली हीच ओळ सर्वांत बोलकी वाटते. फिट तीच, आजार तोच. शेजारच्या खाटेवर कुणी आहे की नाही, यानेच एवढा फरक पडतो.

असं का होतं, याचा उलगडा २०१३ साली झाला. मोठ्या रुग्णालयांत अपस्माराच्या रुग्णांना काही दिवस दाखल करून, कॅमेरा आणि ईईजी (मेंदूची विद्युत हालचाल टिपणारं यंत्र) लावून फिट नोंदवण्याचे विभाग असतात. युरोप, इस्रायल, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या अशा विभागांकडे एका संशोधक गटाने चौकशी केली. तेव्हा यंत्रं चालू असताना घडलेले १६ सुडेप आणि मरता मरता वाचलेले ९ जण सापडले. सोळांपैकी १४ मृत्यू रात्रीचे होते. श्वास आणि हृदयाची पूर्ण नोंद असलेल्या १० मृत्यूंत क्रम एकसारखा निघाला. सर्वांगाची फिट येते आणि थांबते. थांबल्यावर श्वास जोरजोरात चालतो, मिनिटाला १८ ते ५०. मग तीन मिनिटांच्या आत श्वास आणि हृदय दोन्ही कोलमडतात. काहींत ते तिथेच संपतं. काहींत हृदय-श्वास थोडा वेळ पुन्हा चालू लागतात, पण श्वास मंदावत शेवटी थांबतो आणि त्याच्यामागून हृदय थांबतं. आधी श्वास, मग हृदय, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. वाचलेल्या नऊंपैकी बहुतेकांच्या छातीवर दाब द्यायला पहिल्या तीन मिनिटांतच सुरुवात झाली होती.

मेंदूच्या तळाशी मस्तिष्कस्तंभ असतो आणि श्वासाची लय तिथून चालते. सर्वांगाच्या फिटनंतर मेंदूच्या पृष्ठभागाची विद्युत हालचाल काही काळ जवळजवळ सपाट होते. काही रुग्णांत हीच मंदी मस्तिष्कस्तंभापर्यंत उतरत असावी, असं आज संशोधक मानतात. मस्तिष्कस्तंभात सेरोटोनिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी असतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की त्या झोपलेल्या माणसाला जागं करतात. उशीत तोंड गेलं की आपण झोपेतच मान वळवतो, ती यांच्यामुळे. फिटनंतर हा पहारेकरीच गप्प झाला, तर नाकाशी उशी आली तरी मान वळत नाही. ज्या सुडेपमध्ये शरीर कसं पडलं होतं याची नोंद आहे, अशा सुमारे अडीचशे घटना एकत्र तपासल्या, तेव्हा ७३ टक्के माणसं पालथी आढळली.

शेजारी कुणीतरी असण्याचा उपयोग इथे होतो. स्पर्श, हाक, कुशीवर वळवणं, नाकतोंड मोकळं करणं, या साध्या गोष्टींनी श्वास सावरायला मदत होते. रुग्णालयांतल्या नोंदींत, परिचारिका लवकर पोचली की रक्तातला ऑक्सिजन कमी राहण्याचा काळ आखूड झालेला दिसतो.

फिट चालू असताना डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हटवा आणि घड्याळ पाहा. वेळ पाहणं फार महत्त्वाचं आहे, कारण घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांचं वाटतं. दातांत चमचा, चप्पल, बोट काही घालू नका. दात तुटतो, तुकडा श्वासनलिकेत जातो. कांद्याने फिट थांबत नाही. ती बहुधा दोन-तीन मिनिटांत आपली आपणच थांबते आणि श्रेय कांद्याला मिळतं. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा नाकातला फवारा त्यांनी सांगितल्याइतकाच मारा आणि १०८ ला फोन करा. मिडाझोलामने श्वास मंदावू शकतो, म्हणून फवारा मारल्यावर तर जास्तच लक्ष ठेवायचं.

झटके थांबले की लगेच कुशीवर वळवा. आपण ज्या बाजूला बसलो आहोत, त्या बाजूचा त्याचा हात आडवा पसरा. पलीकडच्या हाताचा पंजा त्याच्या गालाखाली ठेवा, पलीकडचा गुडघा वर दुमडा आणि गुडघ्याला धरून आपल्याकडे ओढा. हनुवटी किंचित वर करा, म्हणजे लाळ बाहेर ओघळेल. उशी काढून टाका. आता छातीकडे पुरते दहा सेकंद बघा. घोरणं चालेल, छाती नियमित वरखाली होतेय ना, ते महत्त्वाचं. ओठांचा निळसर रंग मिनिट-दोन मिनिटांत निवळायला हवा. नावाने हाका मारत राहा आणि तो ओळखीचं उत्तर देईपर्यंत जागा सोडू नका. याला अर्धा तासही लागू शकतो.

छाती हलत नसेल, किंवा मधूनच मासोळीसारखे आचके येत असतील, तर तो श्वास नव्हे. १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवा आणि त्याला गादीवरून टणक जमिनीवर उताणं घ्या. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाबा, मिनिटाला १०० ते १२०. गादीवर दाब वाया जातो, शरीर नुसतं खाली-वर होतं. शिकलेला माणूस असेल तर ३० दाबांनंतर तोंडाने २ श्वास द्यावेत. इथे मुळात श्वास आधी थांबलेला असतो, म्हणून ते मोलाचे. येत नसतील तर नुसते दाब द्या, पण थांबू नका.

हे सगळं फिट आल्यानंतरचं. सर्वांगाची फिटच येऊ न देणं हा खरा बचाव, आणि त्यासाठी गोळीइतकं प्रभावी दुसरं काही हाताशी नाही. चालू उपचारांत पूरक गोळी देऊन झालेल्या ११२ चाचण्यांचे आकडे २०११ साली एकत्र केले गेले. खरी गोळी पुरेशा मात्रेत मिळालेल्यांत सुडेप खोटी (औषध नसलेली) गोळी मिळालेल्यांच्या एक सप्तमांशाहून कमी होता. गोळ्या चुकतात त्या मात्र साध्यासुध्या कारणांनी. नवरात्रात कडक उपास धरला म्हणून सकाळची गोळी राहते. दोन वर्षं फिट नाही म्हणून माणूस आपणच गोळ्या बंद करतो. गर्भ राहिला की बाळाच्या काळजीने बाई गोळ्या टाकून देते, आणि ब्रिटन-आयर्लंडमधल्या मातामृत्यूंच्या तपासणीत अपस्मारामुळे गेलेल्या मातांपैकी बहुतेक सुडेपने गेलेल्या दिसतात. व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधं गर्भाला घातक आहेत हे खरंच आहे, पण ती बदलायची असतात गर्भ राहण्याआधी आणि डॉक्टरांच्या हाताने. दुसऱ्या आजारासाठी रुग्णालयात दाखल झालात तर चालू गोळ्यांची यादी आधी द्या. मेरोपेनेम या अँटिबायोटिकने व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी झपाट्याने खाली येते आणि थांबलेल्या फिट परत सुरू होऊ शकतात. घरात आठवड्याचा जादा साठा असावा. सात खणांची डबी साधी, स्वस्त आणि उपयोगी असते.

योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही फिट थांबत नसतील, तर तिसरी-चौथी गोळी वाढवत वर्षं घालवू नयेत. अपस्माराच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या केंद्रात एकदा तपासणी व्हावी. फिट पूर्ण थांबल्या की हा धोकाही उतरतो.

रात्रीसाठी यंत्रंही निघाली आहेत. मनगटावरचं एक घड्याळ सर्वांगाची फिट ओळखून घरच्यांच्या फोनवर इशारा देतं. अमेरिकेत २०१८ साली त्याला मान्यता मिळाली. अशा यंत्राने मृत्यू टळतो हे अजून सिद्ध झालेलं नाही आणि इशारा ऐकून तीन मिनिटांत पोचणारं कुणी नसेल तर त्याचा उपयोगही नाही. ब्रिटनमधल्या एका जुन्या अभ्यासात त्याच खोलीत कुणी झोपत असेल तर धोका निम्म्याहून कमी दिसला होता. आपल्या घरांत एका खोलीत तिघं-चौघं झोपतात, हे या बाबतीत चांगलंच म्हणायचं. काळजी वाटते ती स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात खोली घेऊन एकट्याने राहणाऱ्या, रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या मुलामुलींची. अपुरी झोप फिटला निमंत्रण देते आणि दाराला आतून कडी असते.

आजार लपवण्याची सवय इथेच महागात पडते. निदान एका खोलीमित्राला तरी सांगून ठेवा. "मला फिट येते. आली तर वेळ बघ. थांबली की मला कुशीवर वळव, उशी काढ, आणि मी तुझं नाव घेईपर्यंत झोपू नकोस."