सॅन जॅसिंटो : १८ मिनिटांची लढाई आणि टेक्ससचे स्वातंत्र्य

मेक्सिकोचे अध्यक्ष सांता आना यांच्या राजवटीने १८३५ मध्ये मेक्सिकोची १८२४ची संघराज्य घटना मोडीत काढली आणि तेव्हा मेक्सिकोचा भाग असलेल्या टेक्ससमधली धुसफूस उघड बंडावर गेली. अमेरिकेतून येणाऱ्या वसाहतकऱ्यांवर १८३०च्या कायद्याने घातलेली बंदी आधीपासून खुपत होती. गुलामगिरीचा वादही होताच. टेक्ससच्या १८३६च्या घटनेने गुलामगिरीला संरक्षण दिले, ही बाजू झाकून या लढ्याचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे आहे.

२ मार्च १८३६ रोजी स्वातंत्र्य जाहीर झाले. ६ मार्चला टेक्ससच्या बंडखोरांच्या ताब्यातला अलामो हा किल्ला पडला. २७ मार्चला गोलियाड येथे टेक्ससच्या शेकडो युद्धकैद्यांना गोळ्या घातल्या गेल्या. टेक्ससचा सेनापती सॅम ह्यूस्टन मात्र शिव्याशाप सोसत पूर्वेकडे हटत राहिला.

टेक्ससचे हंगामी सरकार पकडण्याच्या घाईत सांता आना मुख्य फौज मागे ठेवून छोट्या तुकडीनिशी पुढे आला. सॅन जॅसिंटो येथे तळ टाकला तोही अडचणीच्या जागी: पाठीशी दलदल आणि तळे, समोर पलीकडचे काही दिसू न देणारा उंचवटा. २१ एप्रिलला सकाळी मेक्सिकोचा जनरल कोस सुमारे ५०० माणसे घेऊन आला. संख्या १,२०० च्या वर गेली, पण ही कुमक रात्रभर चालून थकलेली होती. दुपार टळली तरी हल्ला येईना, तेव्हा माणसे आडवी झाली आणि पहारे सैलावले. इकडे ह्यूस्टनच्या माणसांनी विन्सचा पूल तोडून कुमकेची आणि पळण्याची वाट बंद केली होती.

साडेचारच्या सुमारास टेक्ससचे सुमारे ९०० जण उंचवट्याआडून निघाले. मधोमध सिनसिनाटीच्या नागरिकांनी भेट दिलेल्या दोन तोफा, उजव्या टोकाला घोडदळ. मेक्सिकन तळाचा पडशा-खोगिरांचा आडोसा अगदी जवळ येईतो बंदुका शांत होत्या. १८ मिनिटांत तळ मोडला. कत्तल मात्र अंधार पडेपर्यंत दलदलीत चालूच राहिली. मेक्सिकोचे सुमारे ६३० सैनिक मेले, ७०० वर कैद झाले. टेक्ससचे दहाएक जण गेले. ह्यूस्टनचा घोटा गोळीने फुटला.

तरीही मेक्सिकोचा जनरल फिलिसोला याच्या हाताखालची मोठी फौज शाबूत होती. दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांतला एक कैदी छावणीत आणला, तेव्हा बाकीचे कैदी ‘एल प्रेसिदेंते’ (अध्यक्ष) म्हणू लागले आणि सांता आना ओळखला गेला. जीव वाचवण्यासाठी त्याने फिलिसोलाला माघारीचा हुकूम लिहून दिला. स्वातंत्र्य खरे तर या कागदाने पदरात पडले. सांता आनाने टेक्ससशी केलेले १४ मेचे वेलास्को करार मेक्सिकोने मानले नाहीत, पण फौज रिओ ग्रांदे नदीपार निघून गेली. १८४५ मध्ये अमेरिकेत सामील होईपर्यंत टेक्सस स्वतंत्र राहिले.