ग्रीन लाइन आणि विभाजक भिंत: सीमा कोणती आणि कुंपण कोणतं

वेस्ट बँकची, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या पॅलेस्टिनी प्रदेशाची, बातमी लागली की मागे हमखास तेच दृश्य असतं: राखाडी काँक्रीटची उंच भिंत, तिच्यावर रंगवलेली चित्रं, शेजारी टेहळणीचा मनोरा. अलीकडे इस्रायल, पलीकडे पॅलेस्टाइन आणि मधली ही सरहद्द, असं बघणारा धरून चालतो. तेवढ्यात निवेदक '1967च्या सीमा' म्हणतो आणि भिंत म्हणजेच ती सीमा, हा समज पक्का होतो. खरं तर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक 1949ची ग्रीन लाइन, दुसरी 2002ची भिंत, आणि बऱ्याच ठिकाणी त्या एकमेकींपासून चांगल्या लांब आहेत.

आधी जुनी. 1948च्या युद्धानंतर इस्रायलने इजिप्त, लेबनॉन, जॉर्डन आणि सीरिया या चौघांशी 1949मध्ये एकेक करून युद्धविरामाचे करार केले. संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ राल्फ बंच यांना त्याबद्दल 1950चं शांततेचं नोबेल मिळालं. त्यातल्या जॉर्डनबरोबरच्या 3 एप्रिलच्या कराराने जी रेघ ठरली, ती वेस्ट बँकभोवतीची ग्रीन लाइन. ही रेघ लष्करी सोयीपुरती आहे, पुढे कायमच्या सीमा ठरवताना कुणाच्या दाव्याला तिच्यामुळे बाधा येणार नाही, असं त्या करारातच लिहिलेलं आहे. तेव्हा या कलमाचा आग्रह अरब बाजूचा होता, कारण रेघेला सीमा म्हटलं की इस्रायलला मान्यता दिल्यासारखं झालं असतं. आज तेच कलम इस्रायलचे वकील दाखवतात आणि पॅलेस्टिनी नेतृत्व तीच रेघ सीमा म्हणून मागतं. कागद तोच, पण वाचणाऱ्यांनी जागा बदलल्या.

रेघ मारली कशी गेली हे जेरुसलेममध्ये अगदी जवळून बघता येतं. नोव्हेंबर 1948च्या अखेरीस इस्रायलचे मोशे दायान आणि जॉर्डनचे अब्दुल्ला अल-तल या लष्करी अधिकाऱ्यांनी 1:20,000 प्रमाणाच्या नकाशावर जाड मेणपेन्सिलीने आपापल्या फौजांच्या जागा आखल्या. दायानची रेघ हिरवी, अल-तल यांची लाल. पेन्सिलीचं टोक तीन-चार मिलिमीटर रुंद. या प्रमाणाने जमिनीवर ते साठ ते ऐंशी मीटर होतात. म्हणजे एक अख्खी गल्ली, दोन्ही बाजूंच्या घरांसकट, रेघेच्या खाली गेली. मग त्या घरांचं काय, ती कुणाच्या हद्दीत, यावर पुढे वर्षानुवर्षं भांडणं झाली. तात्पुरत्या युद्धबंदीसाठी काढलेली ती खूण जवळपास तशीच पुढच्या करारात आली. गावांनाही हाच अनुभव आला. उत्तरेकडच्या बर्ताआ गावाच्या मधून रेघ गेली आणि अर्धं गाव इस्रायलमध्ये, अर्धं जॉर्डनकडे अशी वाटणी झाली.

जून 1967च्या युद्धात वेस्ट बँक इस्रायलच्या ताब्यात गेला आणि जमिनीवर रेघेचा पहारा संपला. त्याच वर्षाच्या अखेरीस इस्रायली सरकारने ती अधिकृत नकाशांवर छापणंही थांबवलं. पण रेघ मेली नाही. पूर्व जेरुसलेम इस्रायलने आपल्या कायद्याखाली आणलं, बाकी वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनींवर लष्करी आदेश चालतात, आणि त्याची सुरुवात याच रेघेपासून होते. युरोपीय संघाच्या जकात खात्यालाही ती लागते. इस्रायलचा माल सवलतीच्या दरात येतो, पण रेघेपलीकडे इस्रायलने वसवलेल्या ज्यू वसाहतींतला येत नाही. तिथल्या वाइनच्या बाटलीवर नुसतं 'इस्रायल' लिहून चालणार नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयाने 2019मध्ये दिला. डिसेंबर 2016च्या सुरक्षा परिषदेच्या 2334 क्रमांकाच्या ठरावातही 4 जून 1967च्या रेषेत दोन्ही पक्षांच्या संमतीविना झालेला कोणताही बदल मान्य नाही, असं म्हटलंय. '1967च्या सीमा' म्हणजे ही रेघ. 1967मध्ये नवी सीमा आखली गेली नाही. त्या जूनमध्ये युद्ध सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत जी होती ती.

आता भिंत. सप्टेंबर 2000मध्ये दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटला आणि इस्रायली शहरांत बसमध्ये, बाजारात, हॉटेलांत आत्मघाती स्फोट होऊ लागले. मार्च 2002मध्ये नेतान्या शहरातल्या हॉटेलात ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या जेवणावर झालेल्या हल्ल्यात 30 माणसं गेली. त्याच वर्षी आरिएल शारोन यांच्या सरकारने अडसर बांधायला घेतला. भिंत हा शब्द सगळीकडे लागू पडत नाही. बहुतेक लांबीत ते तारेचं इलेक्ट्रॉनिक कुंपण आहे, सोबत चर, गस्तीचा रस्ता, काटेरी तारांच्या वेटोळ्या, सगळं मिळून साधारण पन्नास-साठ मीटरचा पट्टा. आठ-नऊ मीटर उंच काँक्रीट दिसतं ते कल्किल्या, बेथलेहेम, जेरुसलेमची उपनगरं अशा दाट वस्तीत. कॅमेरेही तिथेच जातात.

घोळ आहे तो मार्गात. ग्रीन लाइन सुमारे 320 किलोमीटर लांब आहे, कुंपणाचा आखलेला मार्ग 700 किलोमीटरहून जास्त. दोन ठिकाणांमधलं कुंपण सीमेच्या दुपटीहून लांब होतं ते वळणांमुळे, आणि वळणं आली वसाहतींमुळे. मार्गाचा साधारण 85 टक्के भाग ग्रीन लाइनवर नाही, वेस्ट बँकच्या आत आहे. अरिएल वसाहतीला कुंपणाच्या इस्रायली बाजूला घ्यायचं तर वेस्ट बँकमध्ये वीसेक किलोमीटर आत बोटासारखी शिरणारी आखणी करावी लागते. हा मार्ग अजून पूर्ण बांधलेलाही नाही. हल्ले थांबले ते कुंपणामुळे, असं इस्रायली सरकार म्हणतं. ठिकठिकाणी मोकळ्या जागा असताना आणि हजारो मजूर परवान्याशिवाय ये-जा करत असताना एकट्या कुंपणाला श्रेय कसं देता, असं टीकाकार विचारतात. या वादात दोन्हीकडे तथ्य आहे. मार्गाचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

आपल्याकडचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. भारत-बांगलादेश सीमेवरचं आपलं कुंपण सीमेवर नाही, साधारण दीडशे यार्ड भारताच्या हद्दीत आहे. त्यापलीकडे भारतीय शेतकऱ्यांची शेतं आहेत आणि ते ओळखपत्र दाखवून बीएसएफच्या फाटकातून ठरलेल्या वेळी जातात. त्रास तिथेही होतो. पण ते कुंपण आपण आपल्या जमिनीत घातलं. इस्रायलने बहुतांश कुंपण ज्या जमिनीत घातलं, ती आपली की दुसऱ्याची हाच मूळ तंटा आहे.

मार्ग असा आत शिरल्यामुळे रेघ आणि कुंपण यांच्या मध्ये एक पट्टा तयार झाला. ऑक्टोबर 2003मध्ये लष्कराने त्याच्या मोठ्या भागाला बंद क्षेत्र जाहीर केलं. इस्रायली नागरिकाला तिथे परवाना लागत नाही, ज्याची जमीन आहे त्या पॅलेस्टिनी शेतकऱ्याला लागतो. बर्ताआचा पूर्वेकडचा अर्धा भाग या पट्ट्यात अडकला: रेघेने इस्रायलबाहेर, कुंपणाने वेस्ट बँकबाहेर. जय्यूस गावाची बहुतेक शेतं कुंपणापलीकडे गेली. अनेक फाटकं वर्षातून फक्त ऑलिव्हच्या तोडणीपुरती उघडतात. नांगरट, छाटणी, तण काढणं ही कामं मात्र बाकीच्या महिन्यांतली. पुढच्या नियमांत परवान्याचा निकष आणखी कसला गेला. वारसाहिश्शाने 330 चौरस मीटरहून कमी जमीन वाट्याला येत असेल, तर शेतीची गरजच नाही असं धरलं जातं. तीन गुंठ्यांच्या आसपासचा हा तुकडा. तीन-चार पिढ्यांचे वारस सातबाऱ्यावर लागलेल्या घरात हे वेगळं समजावून सांगायला नको.

जमीन कुणाची, हा प्रश्न इथे नकाशातून निघून महसुलात शिरतो. कुंपणाखालची जमीन लष्कराने ताब्यात घेतली ती मुदतीच्या आदेशाने. कागदोपत्री मालक तोच राहतो. पण तिथला जमीन कायदा अजूनही 1858च्या ऑटोमन संहितेवर उभा आहे. तिच्यात 'मिरी' (मालकी राज्याची, वहिवाट शेतकऱ्याची) जमिनीचा हक्क वहिवाटीने मिळतो, आणि सलग तीन वर्षं पडीक ठेवली तर जातो. 1979मध्ये एलोन मोरे वसाहतीच्या खटल्यात, खासगी जमीन लष्करी गरजेच्या नावाने घेऊन वसाहत बांधता येणार नाही, असं इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. त्यानंतर सरकारने याच पडीकपणाच्या आधारावर मोठमोठी क्षेत्रं 'सरकारी जमीन' म्हणून जाहीर केली. आता फाटक बंद म्हणून पेरणी नाही, आणि पेरणी नाही म्हणून वहिवाट नाही. ग्रीन लाइनने कुणाचा सातबारा बदलला नव्हता, कुंपणाला मात्र वेळ दिला तर ते तो बदलू शकतं.

न्यायालयांनी दोन्हींतला फरक नीट ओळखला. 30 जून 2004 रोजी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने बेत सुरिक गावाच्या प्रकरणात सांगितलं की सुरक्षेसाठी कुंपण घालायला हरकत नाही, पण राजकीय सीमा आखण्यासाठी ते घालता येणार नाही. आणि सुमारे 40 किलोमीटरच्या टप्प्यातला बराचसा मार्ग रद्द केला. नवव्या दिवशी, 9 जुलैला, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 14 विरुद्ध 1 मतांनी सल्लागार मत दिलं: व्याप्त प्रदेशातलं बांधकाम बेकायदा. बिलीन गावच्या खटल्यात तर 2007मध्ये इस्रायली न्यायालयालाच दिसलं की मार्ग नियोजित वसाहतीचं पुढचं बांधकाम आत घेण्यासाठी आखलाय. 2011मध्ये तिथलं कुंपण मागे सरकवलं. सीमा अशी निकालाने सरकत नाही. ती दोन बाजूंनी बसून ठरवावी लागते.

ऑक्टोबर 2023नंतर पट्ट्यातली बहुतेक फाटकं शेतकऱ्यांना बंद झाली. मे 2025मध्ये इस्रायलच्या सुरक्षा मंत्रिमंडळाने वेस्ट बँकच्या सुमारे 60 टक्के असलेल्या आणि पूर्णपणे इस्रायलच्या नियंत्रणाखालच्या 'क्षेत्र क'मध्ये जमिनीची नोंदणी सुरू करायला मंजुरी दिली. 1968च्या लष्करी आदेशाने ती थांबली होती, तोवर जेमतेम एक तृतीयांश जमिनीचीच नोंद झाली होती. ज्याला हक्क सिद्ध करता येणार नाही, त्याची जमीन सरकारजमा होणार. कुंपणापलीकडच्या शेतात ज्याला पाऊल टाकता आलेलं नाही, त्यालाही वहिवाटीचा पुरावा तिथूनच आणावा लागेल.