पार्श्वभूमी : नकाशातली रेषा तिच्या माहितीवरून निवडण्याची सोय कशी आली

नळपाणी योजनेचं ड्रॉइंग उघडलेलं असतं, शहरभर निळ्या रेषांचं जाळं पसरलेलं असतं आणि अभियंता म्हणतो, "दीडशे मिलिमीटर व्यासाच्या, बिडाच्या जुन्या लाइनी तेवढ्या दाखवा." मॅपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आज हे दोन मिनिटांचं काम आहे. टेबल निवडायचं, व्यास १५० आणि प्रकार बीड अशा दोन अटी घालायच्या, की त्याच लाइनी उजळतात. पण साध्या कॅड (संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) ड्रॉइंगमधल्या रेषेला आपण पाइप आहोत हे ठाऊकच नसतं. कुठे सुरू झाली, कुठे संपली, रंग कोणता, लेअर (ड्रॉइंगमधला थर) कोणता, एवढंच तिला माहीत असतं. बाकी सगळं तिला कुणीतरी जोडून द्यावं लागतं. ते जोडायचं कसं आणि जोडल्यावर त्यावरून शोधायचं कसं, याला मोठा इतिहास आहे.

नकाशा एकीकडे, माहिती दुसरीकडे आणि दोघांना बांधणारा एक नंबर, ही रचना संगणकाच्या फार आधीची आहे. आपल्याकडे तिचं ठळक उदाहरण इंदापूर तालुक्यातलं. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची आधीची जमाबंदी फसल्यावर १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी तिथे नव्याने मोजणी सुरू केली. पुढे मुंबई इलाख्यात पसरलेल्या मोजणी-पद्धतीचा पाया तोच. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, नकाशावर फक्त तो नंबर, आणि क्षेत्र, आकारणी, खातेदार हे सगळं दप्तरात. तलाठ्याने "अमुक एकरांवरची शेतं कोणती?" असं विचारलं तर आकारबंदात (क्षेत्र आणि आकारणीच्या नोंदवहीत) नंबर शोधायचे आणि नकाशावर त्या नंबरांवर बोट ठेवायचं. आज स्क्रीनवर क्वेरी (अटी घालून शोध) चालते तेव्हा नेमकं हेच घडतं, फक्त बोट ठेवायचं काम यंत्र करतं.

संगणकावर हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झालं ते कॅनडात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉजर टॉमलिन्सन ओटावातल्या एका हवाई सर्वेक्षण कंपनीत होते. केनियात झाडं लावायला योग्य जागा शोधायचं काम कंपनीकडे आलं होतं. नकाशे एकावर एक ठेवून हाताने ती जागा शोधायचा खर्च इतका निघाला, की ते काम होऊच शकलं नाही. पुढे कॅनडा सरकारला देशभरच्या जमिनीची प्रतवारी करायची होती, तेव्हा टॉमलिन्सन यांनी संगणकावरची भौगोलिक माहिती प्रणाली उभी केली. तिच्यात सीमारेषा एका संचात आणि त्या सीमांच्या आतल्या जमिनीचं वर्णन दुसऱ्या संचात होतं. इंदापूरच्या दप्तरासारखीच विभागणी.

१९७० मध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत माहिती ठेवायची, कल्पना मांडली, तिच्यावर पुढे एसक्यूएल उभी राहिली आणि टेबलाला प्रश्न विचारायची पक्की भाषा मिळाली. १९८२ मध्ये एसरी या कंपनीचं आर्क-इन्फो हे नकाशांचं सॉफ्टवेअर आलं. त्याच्या नावातच दोन तुकडे आहेत: आर्क म्हणजे रेषा सांभाळणारा भाग, आणि इन्फो म्हणजे बाहेरून घेतलेला तयार डेटाबेस. या घराण्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये माहितीवरून निवड ही जन्मापासूनची गोष्ट आहे.

कॅडचं घराणं वेगळं. ऑटोकॅडही १९८२ सालचंच, पण त्याचा जन्म ड्राफ्टिंग टेबलाची जागा घ्यायला झाला. रेषा नीट उमटली, प्लॉटरवर बरोबर मापात आली, की त्याचं काम झालं. आणि आपल्याकडची नगरपालिका, पाणीपुरवठा, रस्ते यांची असंख्य ड्रॉइंगं याच घराण्यातली आहेत. म्हणून खरी धडपड इथे झाली, आणि मला याच भागाबद्दल सांगायचं आहे.

सुरुवातीचा तोडगा म्हणजे लेअर. व्यास सांगायचा तर प्रत्येक व्यासाला लेअर. मग साहित्य सांगायचं, तर प्रत्येक व्यासाचे बीड, पीव्हीसी आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) असे तीन तीन लेअर. त्यात जुनी आणि प्रस्तावित असा भेद आला, की पुन्हा दुप्पट. सहा व्यास, तीन प्रकार, दोन अवस्था म्हणजे छत्तीस लेअर, आणि अजून लाइन टाकल्याचं वर्ष यायचंच आहे. रेषा एका वेळी एकाच लेअरवर राहू शकते, ही या पद्धतीची मूळ अडचण. मी अशी ड्रॉइंगं अनेकदा हाताळली आहेत आणि प्रत्येक वेळी वाटतं की ज्याने ती बनवली त्याला माहिती जपायची खरी तळमळ होती, त्याच्या हातात साधन तेवढंच होतं.

ब्लॉकच्या (तयार चिन्हाच्या) अॅट्रिब्यूटमुळे, म्हणजे त्याला जोडलेल्या माहितीच्या रकान्यांमुळे, थोडं बरं झालं. व्हॉल्व्ह, मॅनहोल, विजेचा खांब यांच्यासोबत नंबर, खोली, प्रकार अशी माहिती बसू लागली. पण ब्लॉक म्हणजे एका जागी ठेवायचं चिन्ह. दोनशे मीटरच्या वाकड्यातिकड्या पाइपलाइनला त्याचा उपयोग नाही.

ऑटोकॅडच्या १९९० च्या रिलीज ११ मध्ये एक्सटेंडेड डेटा आला आणि पहिल्यांदा कोणत्याही रेषेला, वर्तुळाला, पॉलीलाइनला आपली माहिती चिकटवता आली. एका ऑब्जेक्टला साधारण सोळा किलोबाइटची मर्यादा होती, पण पाइपसाठी ती भरपूर. अडचण शोधण्यात होती. ऑटोलिस्प या ऑटोकॅडमधल्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या निवडीच्या फिल्टरला "या अॅप्लिकेशनचा डेटा असलेल्या सगळ्या रेषा दे" असं सांगता येई. "ज्यांचा व्यास १५० आहे त्या दे" असं सांगता येत नसे. पिशवी आहे की नाही हे फिल्टरला कळायचं, पिशवीत काय आहे हे नाही. मग लिस्पमध्ये लूप लिहायचा, एकेक रेषा उघडायची, आतली किंमत वाचायची आणि जुळली तर निवडीत टाकायची. ही सोय ज्याला लिस्प येतं त्याच्यापुरतीच राहिली.

ती सगळ्यांच्या हातात आली १९९० च्या दशकाच्या मध्यावर, ऑटोकॅड मॅपमुळे. आधी टेबल ठरवायचं, त्यात फील्ड (रकाने) ठरवायची, मग रेषांना रेकॉर्ड जोडायचं. याचं नाव ऑब्जेक्ट डेटा. माहिती ड्रॉइंगच्या फाइलमध्येच राहते, पेनड्राइव्हवरून फाइल नेली तरी मागे काही सुटत नाही. क्वेरीत जागेवरून, रंग-लेअरसारख्या गुणधर्मावरून, जोडलेल्या डेटावरून आणि बाहेरच्या डेटाबेसवरून अशा चारही तऱ्हेच्या अटी एकत्र करता येतात. बंद असलेल्या दहा ड्रॉइंगांतून फक्त हव्या त्या रेषा चालू ड्रॉइंगमध्ये ओढून आणता येतात. वॉर्डावार फाइली असलेल्या शहरासाठी ही फार मोठी गोष्ट होती.

पण माहिती रेषेला चिकटली, की तिच्या चुकाही चिकटतात. व्यासाचं फील्ड अंकाऐवजी अक्षर प्रकारचं ठरवलं, तर "१०० पेक्षा जास्त" या अटीत ऐंशीचा पाइपही येतो, कारण तुलना एकेका अक्षराची होते आणि आठ हा एकापुढे आहे. रेषा कॉपी केली तर तिचं रेकॉर्डही कॉपी होतं. एका गावाच्या कामात मी असाच एक तुकडा कॉपी करून पुढे सरकवला, आणि एकाच गट नंबरच्या दोन आकृत्या तयार झाल्या. क्षेत्राची बेरीज फुगल्यावर ते लक्षात आलं, आणि शोधायला आख्खा दिवस गेला.

जमिनीच्या नंबरांना तर फार जपावं लागतं. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर ज्या गावांत योजना झाली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यामुळे जुन्या नकाशावरचा ४५ आणि आजच्या सात-बारावरचा ४५ ही वेगळी जमीन असू शकते. पोटहिश्शाचा ४/२ स्प्रेडशीटमधून आणला, तर वाटेतच त्याची तारीख होऊन बसते. कुणी देवनागरी आकडे टाकतो, कुणी इंग्रजी. डोळ्याला दोन्ही पंचेचाळीसच, क्वेरीला मात्र दोन वेगळ्या गोष्टी.

मराठीचा प्रश्न आणखी खोल आहे. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेलं "विहीर" स्क्रीनवर विहीर दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. युनिकोडमध्ये "विहीर" शोधलं तर काहीच हाती लागत नाही. नकाशाची माहिती ठेवायच्या शेपफाइल या फाइल-प्रकाराचं टेबल डीबेस या जुन्या डेटाबेसच्या घडणीचं, फील्डच्या नावाला दहा बाइटची जागा. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे तीन चिन्हांत नाव संपलं. "क्षेत्र" या शब्दाला काना-मात्रा-हलंत धरून सात चिन्हं लागतात. म्हणूनच मराठी कामातही फील्डची नावं इंग्रजीत तोडून लिहायची सवय लागली. २००१ पासूनचं पोस्टजीआयएस हा नकाशांचा डेटाबेस आणि २००२ मध्ये गॅरी शर्मन यांनी सुरू केलेलं क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर यांनी ही कोंडी बरीच फोडली. मराठी फील्ड, मराठी किंमत, सगळं चालतं, आणि परवान्याचे पैसेही लागत नाहीत. छोट्या गावच्या कामासाठी हे किती मोलाचं आहे, हे ज्याने परवान्याची वाट पाहिली आहे त्यालाच कळेल.

आता जमिनीच्या तुकड्याला भू-आधार नावाचा १४ खुणांचा क्रमांक मिळू लागला आहे. तो तुकड्याच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवरून तयार होतो. इंदापूरपासून नंबर हा माणसाने नकाशावर लिहायचा होता, आता तो आकृतीतूनच निघतो. पण आकृती चुकीची डिजिटाइझ झाली असेल, तर नंबरही त्या चुकीवरच उभा राहणार.

म्हणून माझ्याकडे ड्रॉइंग आलं, की व्यास किंवा गट शोधायच्या आधी मी दोन गोष्टी पाहतो. एकच नंबर दोनदा आलाय का, आणि रेकॉर्ड नसलेल्या रेषा किती. दुसरी गोष्ट सहज निसटते, कारण "फील्ड रिकामं" अशी अट घातली तर रेकॉर्डच नसलेली रेषा तिच्यात सापडत नाही. त्यासाठी आधी सगळ्या रेषा घ्यायच्या आणि रेकॉर्ड असलेल्या त्यातून वजा करायच्या. परवा एका पाइपलाइनच्या ड्रॉइंगवर हे केलं, तेव्हा उरलेल्या सगळ्या रेषा एकाच पेठेतल्या निघाल्या. आता तिथे जाऊन चेंबर उघडून व्यास मोजायचे आहेत.