बोट हलण्याआधीचा अर्धा सेकंद

गेल्या महिन्यात खानापूर तालुक्यातील आमच्या गावी नात्यातल्या एका बाळाची पाचवी पुजली गेली. बाळाचे भविष्य लिहायला येणाऱ्या सटवाईसाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवलेली होती. तेवढ्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या पुतण्याने मोबाइलवरची एक चित्रफीत दाखवून सांगितले, की माणसाला इच्छास्वातंत्र्य नाही हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. निर्णय मेंदू आधीच घेतो आणि आपल्याला तो मागाहून कळतो. आजी म्हणाली, "मग आमची सटवाई तरी येगळं काय करती?"

आजीचा प्रश्न बिनतोड होता. कपाळावरचे लिखित जाऊन मेंदूतले लिखित आले, एवढाच फरक असेल, तर कोणाला दोष देण्याला किंवा कोणाचे कौतुक करण्याला अर्थ उरत नाही. म्हणूनच हा दावा ज्या आलेखावर उभा आहे, तो नीट पाहायला हवा.

अमेरिकी मेंदूसंशोधक बेंजामिन लिबेट यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना मनाला येईल तेव्हा बोट किंवा मनगट हलवायला सांगितले होते. समोरच्या पडद्यावर एक ठिपका २.५६ सेकंदांत एक फेरी पूर्ण करी आणि हलवण्याची इच्छा जाणवली त्या क्षणी तो कोठे होता, हे त्यांनी सांगायचे होते. इच्छेची जाणीव हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधी होत होती. मेंदूतील विद्युतविभव, म्हणजे विजेचा दाब, मात्र सुमारे ५५० मिलिसेकंद आधीच चढू लागलेला दिसला. या चढणीला 'सज्जता विभव' म्हणतात.

खरी मेख पुढे आहे. हा विभव इतका क्षीण असतो, की एका हालचालीच्या नोंदीत तो मेंदूच्या इतर गोंगाटात हरवून जातो. म्हणून ४० हालचालींच्या नोंदी हालचालीचा क्षण जुळवून एकमेकींवर ठेवतात, त्यांची सरासरी काढतात आणि तेथून मागे पाहतात.

आता आमच्याकडचे भाताचे खाचर डोळ्यांसमोर आणा. वरच्या खाचरातून पाण्याची बारीक धार येते आहे, बांधातल्या खेकड्यांच्या बिळांतून थोडे पाणी झिरपून जाते आहे, आणि पावसाच्या सरी कमीजास्त होत असल्याने पातळी सतत वरखाली होते आहे. अशात कधीतरी पाणी बांधावरून सांडते. आता सांडण्याचे ४० प्रसंग घेऊन त्यांच्या आधीच्या पातळ्यांची सरासरी काढली, तर पाणी संथपणे चढत बांधापर्यंत आल्याचा सुबक आलेख मिळेल आणि त्या चढणीच्या पायथ्याशीच सांडण्याचे ठरले होते, असे वाटेल. प्रत्यक्षात त्या पातळीवरून पाणी कितीदा तरी परत उतरलेले असते. पण ते प्रसंग सांडण्यापर्यंत पोहोचलेच नाहीत, म्हणून सरासरीत आलेच नाहीत. बिळांतून पाणी झिरपत असल्यामुळे फार जुन्या सरींचा प्रभाव पुसला जातो आणि चढण सांडण्याच्या आधीच्या थोड्या काळातच दिसते.

मेंदूसंशोधक आरोन शुर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली मेंदूसाठी नेमके असेच गणिती प्रारूप मांडले. त्यात धार म्हणजे 'कधीतरी हलव' या सूचनेचा मंद रेटा, सरी म्हणजे चेतापेशींच्या क्रियेतले यादृच्छिक चढउतार आणि बांध म्हणजे हालचाल सुरू होण्याची मर्यादा. या प्रारूपातून निघालेला आलेख सज्जता विभवाशी चांगला जुळला. हे स्पष्टीकरण मानले, तर निर्णय चढणीच्या पायथ्याशी न होता बांध ओलांडताना होतो, आणि तो क्षण इच्छेच्या जाणिवेपासून फार दूर राहत नाही.

लिबेट यांनी स्वतः इच्छास्वातंत्र्य नाकारले नव्हते. सुरू झालेली कृती अखेरच्या क्षणी रोखण्याची मुभा जाणिवेकडे असते, असे त्यांचे मत होते. चित्रफितींत हे येत नाही. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणारे मेंदूचे नाव घेऊन पालकांकडून पैसे उकळतात, तेव्हाही हाच प्रकार असतो: शब्द विज्ञानाचे आणि काम सटवाईचे.

शिवाय, कारण नसताना बोट हलवण्यावर कोणाची नीतिमत्ता अवलंबून नसते. दोन सेवाभावी संस्थांपैकी कोणाला देणगी मिळावी, हे निवडण्याचा प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. निवडीने काहीच फरक पडणार नव्हता तेव्हा सज्जता विभव ठळक दिसला. देणगी खरोखर त्या निवडीवर ठरणार होती, तेव्हा तो जवळजवळ दिसलाच नाही.

यावरून इच्छा स्वतंत्र असल्याचे सिद्ध होत नाही, कारण चेतापेशींचे चढउतारही निसर्गनियमांनीच होतात. मात्र बहिणीला जमिनीतला वाटा द्यायचा की नाही, यावर वर्षभर विचार करणाऱ्या भावाबद्दल त्या ५५० मिलिसेकंदांच्या चढणीतून काहीही कळत नाही, एवढे मी पुतण्याला त्याच रात्री सांगितले.