काढा, धुवा आणि लगेच नवा बसवा

वृषणाच्या पिशवीतला पंप चिमटीत धरायचा आणि वरची कातडी सरकवून बघायची. ती सहज सरकली तर ठीक. पंपाला चिकटून बसली असेल आणि दुखणं दिवसेंदिवस वाढत असेल, तर युरॉलॉजिस्टच्या मनात पाल चुकचुकते: आत जंतुसंसर्ग तर नाही?

हा पंप फुगवता येणाऱ्या शिश्न-इम्प्लांटचा, म्हणजे शिश्नाला ताठरता यावी म्हणून आत बसवलेल्या उपकरणाचा. अमेरिकेत ह्यूस्टनचे युरॉलॉजिस्ट ब्रँटली स्कॉट यांनी १९७३ साली तो पुढे आणला: शिश्नात दोन पोकळ नळ्या, पिशवीत पंप, पोटात सलाइनची टाकी. पहिल्यांदा बसवताना जंतुसंसर्गाचं प्रमाण साधारण १ ते ३ टक्के. जुना बदलून नवा बसवताना बरंच जास्त.

औषधांनी हा संसर्ग सहसा हटत नाही. पाण्याच्या बादलीला आतून बुळबुळीत थर धरतो ना, तसा जंतू इम्प्लांटवर थर धरतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. प्रतिजैविक आतवर पुरेसं पोचत नाही. म्हणून जुना शिरस्ता असा, की सगळं काढायचं आणि काही महिने थांबायचं. पण तेवढ्यात रिकाम्या पोकळीत घट्ट व्रण तयार होतो, शिश्न आखडतं आणि पुढची शस्त्रक्रिया सर्जनचा घाम काढते.

अमेरिकेतल्याच इंडियानाचे युरॉलॉजिस्ट जॉन मल्कही यांनी १९९६ साली मांडलेली कल्पना ऐकायला चक्क आगाऊपणाची: संसर्ग झालेल्या जागीच, त्याच बैठकीत नवा इम्प्लांट! आधी जुन्याचा प्रत्येक तुकडा काढायचा, अगदी टाकेसुद्धा. मग प्रतिजैविकाचं पाणी, फेसाळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड, तपकिरी आयोडीन, त्यानंतर जोराच्या धारेनं प्रतिजैविक. आणि पुन्हा तीच द्रावणं उलट्या क्रमानं. यानंतर हातमोजे, गाउन, चादरी, हत्यारं सगळं बदलायचं. मगच नवा डबा उघडायचा. त्यांच्या रुग्णांत ८० टक्क्यांहून अधिक वेळा हे टिकलं.

जंतू रक्तात पसरले असतील किंवा ऊती काळ्या पडल्या असतील, तर मात्र हा धोका पत्करत नाहीत.

अलीकडे काही सर्जन धुतल्यावर पंपाऐवजी नुसत्या वाकवता येणाऱ्या दोन कांड्या बसवतात. (अशाच जातीची स्वस्त कांडी मुंबईच्या डॉ. रूपिन शाह यांनी आपल्याकडे विकसित केली आहे.) पंप नाही, टाकी नाही, म्हणजे जंतूंना चिकटायला जागा कमी, आणि पोकळीही मिटत नाही. पुढे हवा तर पंप बसवता येतो. बरेच रुग्ण कांड्याच ठेवतात.